हेडमास्तर आणि बाबांचा घसा

३ सप्टेंबर

ही वही दंतवैद्यबाईंनी दिली. त्यांना कुठल्याशा टूथपेस्टवाल्यांकडून दरवर्षी पाच-सहा येतात. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांविषयी एक सूचना छापलेली असते. आजची सूचना : ‘जीभही घासावी.’ बाई म्हणाल्या, घोड्याच्या तयारीची नोंद ठेवत जा, म्हणजे हंगाम संपल्यावर कळेल की कुठे चुकलं. चुकणार हे त्यांनी धरूनच ठेवलं आहे. मीही धरलं आहे, पण मी घरची आहे, मला तो हक्क आहे.

ठरलंय ते असं. घोडा बाईंचा. राहतो आमच्या तबेल्यात, त्याला शिकवते मी आणि मला शिकवतात बाबा. या हंगामात ड्रेसाजच्या तीन स्पर्धा आहेत. त्यांतल्या एकीत तरी तिसऱ्या पातळीच्या परीक्षेत साठ टक्के पडले, तर घोडा चौथ्या पातळीत जाईल. नाही पडले, तर घोडा आरसेवाल्यांकडे जाईल आणि त्याच्यावर दुसरं कोणीतरी बसेल. आरसेवाले म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा तो मोठा तबेला. तिथे रिंगणाच्या भिंतींना आरसे आहेत आणि घोड्यांना अंघोळीला गरम पाणी. आमच्याकडे आरसा एकच, तो मोरीच्या वर, आणि गरम पाण्यासाठी आम्ही माणसंच रांगेत असतो.

बाईंनी हे फार गोड आवाजात सांगितलं. दात उपटण्याआधी बोलतात त्याच.

५ सप्टेंबर

घोड्याबद्दल लिहायचं राहिलं. कागदावरचं त्याचं नाव इतकं लांब आहे की ते पुकारेपर्यंत तो रिंगणातून बाहेर पडलेला असतो. आम्ही त्याला हेडमास्तर म्हणतो. राखाडी रंग, लांब तोंड, लोंबता खालचा ओठ, आणि बघतो असा की आपण गृहपाठ घरी विसरलोय. सहा वर्षांचा असताना आमच्याकडे आला. त्याला आता चार वर्षं झाली.

आज नालबंदकाका त्याचे नाल बदलायला आले होते. मागचा पाय मांडीवर घेऊन ठोकता ठोकता विचारायला लागले, की हे ड्रेसाज म्हणजे घोड्याचा नाच ना? मी नीट समजावलं. लांबट चौकोनी रिंगण, कडेने अक्षरांच्या पाट्या. अमुक पाटीपासून तमुक पाटीपर्यंत दुडकी, इथे वर्तुळ, तिथे दौड, मध्यभागी थांबून सलाम. सगळं पाठ करून जायचं. परीक्षक प्रत्येक कृतीला दहापैकी गुण देतात आणि शेजारी शेरा लिहितात. घोड्याशी जे काय बोलायचं ते पायाने, पाठीने आणि बोटांनी. तोंडाने चकार शब्द नाही. नुसती जीभ टाळूला लावून टक केलं तरी गुण कापतात. आणि रिंगणाबाहेरून कोणी काही सुचवलं, तर सरळ बाद.

काका म्हणाले, "म्हणजे पाहुण्यांसमोर नवरा-बायकोचं भांडण."

हे मला चार वर्षांत कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

९ सप्टेंबर

तिसऱ्या पातळीतली गोम एकच, पाय बदलणे. दौडीत घोड्याचा एक पुढचा पाय पुढाकार घेतो, उजवा किंवा डावा. वळण उजवीकडे असेल तर उजवा. दिशा बदलली की पाय बदलायला हवा, तोही न थांबता, चारही पाय हवेत असताना. त्यासाठी मी एक टाच मागे सरकवायची आणि दुसरी पुढे घ्यायची. हे ज्या क्षणी करायचं तो क्षण तिळाएवढा असतो. आधी केलं तर घोडा गोंधळतो, नंतर केलं तर मागचे पाय एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे, दोन बसमध्ये चढलेल्या कुटुंबासारखे.

आज दहापैकी नऊ बदल स्वच्छ झाले. बाबा कुंपणाला टेकून उभे होते. म्हणाले, "जमतंय." बाबा यापलीकडे स्तुती करत नाहीत. ते स्वतः तिसऱ्या पातळीपर्यंतच गेले होते. पुढचं त्यांना ठाऊक नाही, असं ते म्हणत नाहीत. पुढच्यात काही अर्थ नाही, असं म्हणतात.

आजची सूचना : ‘मागच्या दाढांकडे दुर्लक्ष नको.’

२२ सप्टेंबर

पहिली स्पर्धा. ६१.४ टक्के.

पुन्हा लिहिते. एकसष्ट पूर्णांक चार.

सलामाच्या वेळी हेडमास्तरने इतक्या मोठ्याने वारा सोडला की परीक्षकांतली चष्मेवाली बाई दचकली, पण त्याला नियमात काही नाही. दोन्ही बदल वेळेवर. तिने तसं लिहिलंय सुद्धा, ‘बदल वेळेवर’. दंतवैद्यबाईंनी मला मिठी मारली आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला घोड्याची हिरवी लाळ लागली, तरी त्या रागावल्या नाहीत. बाबा ट्रकमध्ये खोगीर ठेवत म्हणाले, जमलं.

वर लिहिलंय त्यात एक खोट आहे. मला वाटलं होतं की मला खूप आनंद होईल. झाला, पण त्यात कुठेतरी खडा होता. दाताखाली खडा येतो तसा. वहीचा परिणाम असेल.

२४ सप्टेंबर

खडा सापडला.

बाईंच्या यजमानांनी सगळी परीक्षा फोनवर चित्रित केली होती. ते स्वतः कुंपणापाशी बाबांच्या शेजारीच उभे होते. आज बाईंच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीत बसून मी ते पाहिलं. पहिल्या वेळी घोडा पाहिला. दुसऱ्या वेळी आवाज मोठा केला.

मी दुडकीत आहे. घसा खाकरल्याचा आवाज. मी दौडीत. मी दिशा बदलायची तिरकी रेषा धरते. खाकरणं. पाय बदलतो. दुसरी रेषा. खाकरणं. बदल. मध्यभाग. दोनदा खाकरणं. थांबा, सलाम.

सगळ्या परीक्षेत मिळून नऊ वेळा. मी तीनदा मोजलं. बाबांचा घसा.

म्हणजे घोडा माझ्या पायावर चालतच नाही. बाबांच्या खोकल्यावर चालतो. आणि हे बाहेरून सुचवणं झालं. म्हणजे आम्ही बाद. म्हणजे ते एकसष्ट पूर्णांक चार चोरीचे आहेत.

बाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अगं, माणूस खोकतो." मी म्हटलं, नऊदा? त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणारे वीसदा खोकतात, मी त्यांचं काही बदलत नाही."

२५ सप्टेंबर

आयोजकांना पत्र पाठवलं. चार पानं. सोबत खोकल्यांचा तक्ता जोडला, मिनिट-सेकंदासह.

बाबांना सांगितलं तेव्हा ते घोड्याला खरारा करत होते. हात थांबला. म्हणाले, "मी खोकतो?" मग पाठ फिरवून खरारा करत राहिले, त्याच जागी, इतका वेळ की हेडमास्तर बाजूला सरकला.

आई म्हणाली, तुला गप्प बसायचं शिक्षण कोणी दिलंच नाही, चूक आमचीच.

हे मात्र तिचं बरोबर आहे. मी दहाव्या वर्षापर्यंत शाळेतच गेले नाही. शाळा लांब, तबेल्यात माणूसबळ नाही, म्हणून वाचणं, लिहिणं, हिशोब आईने स्वयंपाकघरात शिकवलं आणि घोड्यावर बसणं बाबांनी. मी सात वर्षांची असताना बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. दहा महिने एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच दहा महिन्यांत मी घोड्यावर बसायला शिकले. एकदा खाकरलं की चल, दोनदा खाकरलं की थांब. लोकांना वाटतं फार हाल झाले असतील. मला तर ते फार सोपे दिवस वाटतात. पुढे शाळेत थेट पाचवीत घातलं. पहिल्याच दिवशी वर्गातल्या बाई खोकल्या आणि मी बाकावरून उठून चालायला लागले. सगळा वर्ग हसला. मी का उठले ते मला अजून कळलेलं नाही.

पण हे सगळं विषयाला सोडून झालं. प्रश्न घोड्याचा आहे.

१४ ऑक्टोबर

आयोजकांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय की तक्रार निकालानंतर अर्ध्या तासात करायची असते, खोकल्याचा नियमात उल्लेख नाही, आणि माझ्या वडिलांना लवकर आराम पडो. खाली मात्र एक ओळ आहे : ‘तथापि आपल्या आग्रहाचा मान राखून आपले गुण रद्द करण्यात येत आहेत.’

मी आग्रह केला होता हे खरं आहे. चौथ्या पानावर, अधोरेखित.

बाईंना फोन केला तेव्हा त्यांचा हात कोणाच्या तरी तोंडात होता. मागून पेशंटचा ‘आ’ तेवढा ऐकू येत होता. शेवटी म्हणाल्या, "दोन स्पर्धा उरल्यात. आरसेवाल्यांना मी कळवून ठेवते." तेही गोड आवाजात.

१६ ऑक्टोबर

आता घोड्याचं व्यसन सोडवायचं. बाबांनी कुंपणापाशी उभं राहायचं, पण गप्प. आईने त्यांना खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आणून दिली आहे. एक संपली की दुसरी. त्यांच्या गालात गोळी असते आणि डोळ्यांत कैद्याचा भाव.

आज दहापैकी दोन बदल. हेडमास्तर रेषेवर येतो, कान मागे फिरवतो, वाट बघतो. बिचारा.

२६ ऑक्टोबर

दुसरी स्पर्धा. ५४.१.

पहिला बदल झालाच नाही. दुसरा झाला तेव्हा रेषा संपून कोपरा आला होता. सलामाला आम्ही मध्यभागाच्या चार पावलं पुढे जाऊन थांबलो, जवळजवळ परीक्षकांच्या मांडीवर. चष्मेवालीने लिहिलंय : ‘कोण कोणाची वाट पाहत आहे?’

सगळा दोष हेडमास्तरचा. बाबांनी पूर्ण वेळ तोंड मिटून ठेवलं होतं. परतताना ट्रकमध्ये त्यांनी एकदाच तोंड उघडलं, नवी गोळी घालायला.

२९ ऑक्टोबर

पद्धतशीरपणे जायचं ठरवलं आहे. प्रयोग.

प्रयोग पहिला : मी घोड्यावर, आई कुंपणापाशी, आईने खोकायचं. आईला खोकताना हसू येतं, तरी खोकली. काही नाही. निष्कर्ष : घोडा फक्त बाबांचा खोकला ओळखतो.

प्रयोग दुसरा : घोडा तबेल्यात, बाबांनी दारातून खोकायचं. हेडमास्तरने गवतातून मान सुद्धा वर काढली नाही. निष्कर्ष : खोगीर पाठीवर नसेल तर तो खोकल्याला जुमानत नाही.

१ नोव्हेंबर

प्रयोग तिसरा ठरवून केलेला नाही. आज बुधवार. बुधवारी बाई दवाखाना बंद ठेवून स्वतः हेडमास्तरवर बसतात. त्या रिकिबीत पाय असे खुपसतात जसे पेशंटच्या तोंडात चिमटा. त्यांना मी पाय बदलणं कसं असतं ते नुसतं दाखवत होते. त्यांनी टाच मागे घेतली आणि हेडमास्तरने पाय बदलला. स्वच्छ. बाबा तर तेव्हा दाणा आणायला बाजारात गेले होते.

बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा झालं. चारपैकी चार. बाई म्हणाल्या, हे अवघड असतं असं ऐकलं होतं.

थोड्या वेळाने बाबा आले, बाईंना पाहून जोरात खोकले (गोळी संपली होती), तर हेडमास्तरने काहीच केलं नाही. सरळ चालत राहिला.

निष्कर्ष : घोडा बाईंना मान देतो, म्हणून त्यांच्यासाठी नियम वेगळे. मालकीणबाई आहेत हे त्याला कळत असणार. मला फार वाईट वाटलं. हे उद्या लिहायला बसले असते तर मी रडले नाही असं लिहिलं असतं. थोडी रडले.

४ नोव्हेंबर

नालबंदकाका आले होते. त्यांना तिन्ही प्रयोग निष्कर्षांसकट सांगितले. ते कानशीने खूर घासत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, खोकला घोड्याला लागलेला नाही."

मी लगेच हेडमास्तरचा घसा चाचपला, नाकपुड्या पाहिल्या. एकदम कोरड्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग घोड्याकडे, आणि घोड्यालाच म्हणाले, "धीर धर."

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

जेवायला बसलो होतो. टेबलाला एका बाजूला बाबा, समोर मी, आई वाढत होती. तिच्या हातून पळी घरंगळून खाली गेली म्हणून ती टेबलाखाली वाकली. बाबांना ठसका लागला. आई खालीच राहिली. मग टेबलाखालून तिचा आवाज आला.

"अहो, पुन्हा खोका."

बाबा म्हणाले, काय?

"खोका म्हणते ना."

बाबा खोकले. आई पळी हातात घेऊन वर आली, केस विस्कटलेले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी उजवी टाच बघ."

मी खाली पाहिलं. टाच खुर्चीच्या पायामागे गेलेली होती आणि डावी पुढे. पाठ ताठ. मी आमटी-भात खात असताना उजवीकडून डावीकडे पाय बदलला होता. नेमक्या क्षणी. स्वच्छ.

आई हसायला लागली ते थांबेचना. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, तीस वर्षं हा माणूस घरात याच घशावर राज्य करतोय. भाजीत मीठ जास्त झालं की खाकरतो, पाहुणे फार वेळ बसले की खाकरतो. मी विचारलं, मग तू काय करतेस? ती म्हणाली, "मी दर वेळी उलट करते. म्हणून तर अजून चालता येतं मला."

मी हसले नाही. माझ्या डोक्यात तिन्ही प्रयोग एकामागोमाग एक उलटे होत होते. आई हसू दाबत, ठरवून खोकली तेव्हा घोडा हलला नाही, कारण मी हलले नव्हते. तबेल्यात त्याच्या पाठीवर मी नव्हते. बाईंनी टाच मागे घेतली आणि तो बदलला, कारण कोणीतरी त्याला पहिल्यांदा सरळ सांगितलं होतं. आणि हा घोडा आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आला. ते दहा महिने त्याने पाहिलेलेच नाहीत. ते मी पाहिले.

बाबा ताट तसंच ठेवून घोड्यांना पाणी आहे का बघायला गेले. पाणी होतं. मीच भरलं होतं.

१० नोव्हेंबर

सकाळी लीद काढताना बाबा आपणहून बोलले. फावडं चालूच होतं.

"त्या दहा महिन्यांत माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

मी म्हटलं, माहीत आहे. पण नंतर आवाज आला ना परत.

"नंतर तू नीट जायला लागली होतीस. मला वाटलं, नीट चाललंय ते कशाला बिघडवा."

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि बराच वेळ हेडमास्तरचे कान कुरवाळले. म्हणाले, तू रेषेवर आलीस की मला तुझ्या मानेवरून दिसतं की आता ही शंका काढणार. शंका यायच्या आधीच घसा आपोआप खाकरतो. मुद्दाम नाही, असं ते दोनदा म्हणाले.

मी त्यांना सांगणार होते की शंका मला त्याच्यानंतरही येते, दिवसभर येते, खोकला नसला तरी येते. सांगितलं नाही. आईच्या मते हे माझं पहिलं गप्प बसणं.

१३ नोव्हेंबर

आयोजकांना दुसरं पत्र लिहायला घेतलं, की पहिल्या पत्रातला घोड्यावरचा आरोप खोटा होता, त्याला दोषमुक्त करावं. आईने कागद काढून घेतला.

हेडमास्तरची मात्र तोंडी माफी मागितली. त्याने माझ्या खिशातलं गाजर घेतलं आणि खिसाही.

१७ नोव्हेंबर

नवी पद्धत. बाबा दाण्याच्या खोलीत, दार लावून. रिंगणात मी आणि घोडा. रेषेवर येते. काही ऐकू येत नाही. तो क्षण, तो तीळ, येतो आणि जातो, आणि मी त्याच्याकडे स्टेशनावर उभं राहून गाडीकडे बघावं तसं बघत राहते.

आज दहापैकी तीन. पण हे तीन माझे.

दाण्याच्या खोलीतून अधूनमधून दबका आवाज येतो. बहुधा ते पोत्यात तोंड घालून खोकतात.

२३ नोव्हेंबर

दहापैकी पाच. मग सहा. मग एकदम एक. त्यानंतर मी उतरून रिंगणाच्या कडेला बसून राहिले. हेडमास्तर माझ्या टोपीवर हनुवटी टेकवून उभा राहिला. त्याची लाळ मानेवरून पाठीत गेली. आपण घोड्यावर अन्याय केला की तो असा मोठ्या मनाने वागतो आणि मग माणसाला अंघोळ करावी लागते.

आजची सूचना : ‘ब्रश हळुवार फिरवावा, जोर लावू नये.’ ही मी रिंगणाच्या पाटीवर लिहून ठेवली.

३० नोव्हेंबर

शेवटची स्पर्धा.

बाबांना मी म्हटलं होतं, येऊ नका. पण ट्रक दुसरं कोण चालवणार? ते आले, ट्रक रिंगणापासून पार लांब लावला, काचा वर केल्या आणि आत बसून राहिले. दंतवैद्यबाई कुंपणापाशी. त्यांच्याबरोबर आरसेवाल्यांच्या तबेल्यातल्या शिकवणाऱ्या बाई होत्या. आखूड केस, हातात वही. त्या कशाला आल्या आहेत हे मला न सांगता कळलं. घोडा न्यायचा तर आधी बघून घेतात.

सलाम. या वेळी वारा नाही. दुडकी बरी. दौड बरी. पहिली तिरकी रेषा. मी टाच सरकवली आणि तो बदलला. इतकं साधं, की पुढची दहा पावलं मी काय झालं तेच आठवत राहिले आणि वर्तुळ अंड्यासारखं झालं.

दुसरी रेषा. कुठेतरी, प्रेक्षकांत, कोणीतरी खोकलं. बाबा नव्हेत. कोणी अनोळखी, साधा सर्दीचा खोकला. माझी टाच निघाली. हे मी खोटं लिहिणार नाही, निघाली होती. रेषेच्या फार आधी. मी ती अर्ध्यावर धरली. हेडमास्तरने एक कान मागे केला, विचारलं, नक्की का? मी ‘अजून नाही’ म्हटलं. कशाने म्हटलं ते मला सांगता येणार नाही, पण तोंडाने नाही. मग दौडीची एक झेप गेली, दुसरी गेली, सगळं रिंगण गप्प होतं, आणि मी टाच मागे घेतली.

त्याने पाय बदलला.

निकाल साठ पूर्णांक तीन. चष्मेवालीचा त्या ओळीवरचा शेरा : ‘उशिरा, पण स्पष्ट.’

ट्रककडे धावत गेले. काचा वाफेने धुरकटल्या होत्या. बाबा सीटवर बसलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, चेहरा लाल. मांडीवर गोळ्यांची डबी. सकाळी आईने भरून दिली होती. आता तळाला एक गोळी. त्यांनी बोटं वर करून विचारलं, किती? मी सांगितलं. ते बाहीने काच पुसून त्या चष्मेवालीच्या टेबलाकडे बघत राहिले.

पाच मिनिटं मी टेबलापाशी घुटमळले, अनोळखी खोकल्यावर टाच हलल्याचं कळवावं का म्हणून. चष्मेवालीने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं चार पानी पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलंय. घरी जा."

१ डिसेंबर

बाई सकाळीच आल्या, त्या आखूड केसांच्या शिकवणाऱ्या बाईंना घेऊन. आम्ही तबेल्यातच उभे होतो, आई दारात, बाबा हेडमास्तरच्या अंगावरची झूल सारखी करत. दंतवैद्यबाई म्हणाल्या की घोडा चौथ्या पातळीत गेला, ठरल्याप्रमाणे त्याच्यावर बसणार मीच. पण चौथीची तयारी इथे व्हायची नाही. हे त्या बाबांकडे न बघता म्हणाल्या, तो त्यांचा भलेपणा. आरसेवाल्यांकडे दोघांना जागा आहे, घोड्याला आणि मला. राहायचं तिथेच, दोन वर्षं. येणार का?

मी बाबांकडे पाहिलं.

का पाहिलं ते आता मला ठाऊक आहे, तरी पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली. तिथेच थांबली. सगळ्यांना दिसत होतं. आई दारातून म्हणाली, "अहो."

मग बाबांनी खिशातून डबी काढली, उरलेली ती एक गोळी तोंडात टाकली, आणि पाठ करून झुलीचा पट्टा आवळायला लागले. तो आधीच आवळलेला होता.

हेडमास्तरने लीद टाकली. शिकवणाऱ्या बाईंनी बूट मागे घेतला. मी वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली, मग कळलं की आता कोणी खाकरणार नाही.

"येते," मी म्हटलं.

आवाज जरा फाटका आला. दंतवैद्यबाईंनी विचारलं, घसा बसलाय का?

दुपारी ही वही घेऊन ओसरीवर बसले. बाबा पायरीवर लगामाला तेल लावत होते. म्हटलं, आजची सूचना ऐका. ‘काही दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी येऊन दाखवून जावे.’

"दर महिन्याला," बाबा म्हणाले. आणि खाकरले.

माझी टाच हलली नाही.

थोडी हलली.